विहिरीचं वळण

रविवार, १२ जानेवारी

विहिरीच्या वळणावर आज माझी रिमोटची गाडी तीनदा पाइपावर आपटली. तीनदा! ज्या वळणातून मी नऊ वर्षं गाडी काढतोय, तिथे. पुढच्या चाकाचा आर्म तुटला, बॉडीला उभी चीर गेली, आणि रविराज शेजारी उभा राहून मला सांगतो, "सोमा, थोडं आधी वळायला घे." घ्या! स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे ज्याला मी शिकवलं, तो आता मला वळायला शिकवणार.

दोष सर्वोचा आहे. घरी येऊन तेच सांगितलं तर ज्योत्स्ना विचारते, "सर्वो म्हणजे?" लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं गॅरेज या गाड्यांनी भरलंय, आणि बाईसाहेबांना अजून सर्वो माहीत नाही. चाकं वळवणारी मोटर, म्हटलं. ती मंदावली की इथे हात वळतो आणि तिथे गाडी उशिरा वळते. "मग नवीन घाला," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

आमची लेक सृष्टी मात्र आज एकदाही धडकली नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडून तिची गाडी मीच समोर बसून जुळवून घेतली. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण पहिल्या दिवशी पोरीने स्क्रूड्रायव्हर चमच्यासारखा धरला होता. बरी चालवते. घाबरत चालवते म्हणून धडकत नाही, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

चषकाची रेस सोळा मार्चला. चार वेळा मी जिंकलोय. पाचव्यांदाही तो आमच्याच शोकेसमध्ये येणार, मग बघू कोण कोणाला वळायला शिकवतं ते.

रविवार, १९ जानेवारी

नवा सर्वो घातला, तरी धडकली. आज कारण वेगळं. धूळ!

गिरणाऱ्याच्या रस्त्याला रविराजच्या द्राक्षबागेच्या कडेचा पडीक तुकडा आहे, त्यावर आमचा ट्रॅक. माती अशी की पाणी नाही मारलं तर पलीकडच्या टोकाला नुसता पांढरा पडदा. ज्यावर उभं राहून आम्ही गाड्या चालवतो त्या मचाणावरूनच मी केरूवर ओरडलो. बाग सांभाळतो तो, रेसच्या दिवशी पाणी मारायचं काम त्याचंच. तर म्हणतो, "साहेब, दोन टायमाला मारलं ना. काळी झालीय बघा की माती." मला काळीबिळी काही दिसली नाही. पांढरं दिसत होतं म्हणजे धूळच असणार. बाकीच्यांपैकी एकाच्या तोंडून निघालं नाही की हो, धूळ आहे.

वर माझ्या पुटपुटण्याची टिंगल. चालवताना मी स्वतःशी बोलतो, "सोड... आता दाब... सोड..." वेग कुठे सोडायचा, कुठे दाबायचा, तेवढंच. रविराज त्याला सोमाची आकाशवाणी म्हणतो. सृष्टी लहान होती तेव्हा याच मचाणावर माझ्या पायाशी बसून ती आकाशवाणी माझ्याबरोबर म्हणायची. आज रविराजच्या विनोदाला सगळ्यांबरोबर हसली. डोक्यात गेलं माझ्या.

बुधवार, २२ जानेवारी

सातपूरला कंपनीत स्टोअरमधून नवीन मायक्रोमीटर मागितला. जुन्याच्या रेघा पुसल्यात. स्टोअरवाल्याने तोच जुना माझ्या हातातून घेतला आणि भराभर वाचून दाखवला. आगाऊ माणूस. तीस वर्षं मी तपासणीला आहे, माझ्या सहीशिवाय माल गेटच्या बाहेर जात नाही.

रविवार, २६ जानेवारी

आज जे झालं ते लिहूनच ठेवतो.

झेंडावंदन करून गॅरेजमध्ये बसलो. मागच्या चाकांच्या डिफरन्शियलमध्ये घट्ट तेल भरलं, म्हणजे वळणात गाडी मागून धरून राहते. दुपारी ट्रॅकवर नेली तर साबणाच्या पाण्यावर पाय पडावा तशी घसरायला लागली. तिथेच उघडली. आत तेल पातळ, अगदी पाण्यासारखं! मी घट्ट भरलं होतं. माझ्या डब्यातल्या बाटल्या कोणीतरी बदलल्या. आणि माझ्या डब्याला माझ्याशिवाय हात लावतो कोण? एकटा रविराज. कालच आला होता चहाला.

सरळ विचारलं. "बाटल्या का बदलल्यास?"

"मी कशाला बदलू?"

"कारण नऊ वर्षांत तुला एकदाही चषक मिळालेला नाही!"

त्याने बाटली उचलली, लेबल वाचलं. "सोमा, यावर एक हजार लिहिलंय, म्हणजे पातळ. तुला दहा हजारचं पाहिजे होतं."

"मला वाचता येतं!"

"तसं नाही रे. अक्षर लई बारीक आहे, म्हणून..."

"माझ्या गाडीला आणि माझ्या डब्याला परत हात लावायचा नाही. गॅरेजची पायरी चढायची नाही!"

सगळ्यांसमोर म्हणालो. त्याने बाटली परत डब्यात ठेवली. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं. दोन लगावता तरी आल्या असत्या.

वीस वर्षांची दोस्ती. येताना दुकानातून डब्यासाठी कुलूप आणलं.

सोमवार, २७ जानेवारी

सृष्टीने आईला जाऊन सगळं सांगितलेलं दिसतंय. जेवायला बसलो आणि ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून या." सृष्टी ताटात बघत बसली.

तळपायाची आग मस्तकात गेली. सर्वो खराब, धूळ उडते, दोस्त बाटल्या बदलतो आणि डोळे माझे तपासायचे! आमच्या वडिलांचे, अण्णांचे डोळे असेच सगळ्यांनी मागे लागून ऑपरेशनच्या शिबिरात नेऊन उघडले. त्यानंतर अण्णा माझा आवाज आल्याशिवाय मला ओळखायचे नाहीत. दारात उभा राहिलो तरी "कोण आहे?" विचारायचे. ते मी बघितलंय, तिने नाही. मी त्या खुर्चीत बसणार नाही.

ताट तसंच ठेवून उठलो. मग रात्री म्हटलं, एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू. "चषक हरलो तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन. पण तोपर्यंत या घरात, त्या ट्रॅकवर, कुणीही माझ्या डोळ्यांचा विषय काढायचा नाही. कबूल?"

ज्योत्स्नाने दिवा मालवायला नेलेला हात मागे घेतला. "कबूल," म्हणाली. "पण शब्द पाळायचा."

पाळीन. हरणार कोण आहे?

रविवार, ९ फेब्रुवारी

हद्द झाली! काल कंपनीतून आलो तर माझी गाडी केशरी. नऊ वर्षं ती निळी-काळी आहे, सगळ्या नाशकात कोणीही सांगेल निळी-काळी म्हणजे सोमनाथची. सृष्टीबाईंनी नवीन पारदर्शक बॉडी आणून आतून रंगवून बसवलीसुद्धा. "चीर गेली होती ना पप्पा, म्हणून बदलली." बदल ना, पण रंग? जरा तरी सौम्य काही मिळालं नाही? पेटलेलं संत्रं वाटतं. स्वतःच्या गाडीला गुलाबी दिलाय म्हणे. मला दोन्ही सारख्याच भडक वाटल्या, तेही तिला सांगितलं.

"पप्पा, गुलाबी आणि केशरी सारखे कसे वाटतील?"

"उगाच वाद घालू नकोस."

परत रंगवायला वेळ नाही. चालवून बघितली. खरं सांगायचं तर आज एकदाही धडकली नाही. नवा सर्वो आता बसला असेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज क्लबच्या लोकांनी मला न विचारता मचाण हलवलं. हो, अख्खं मचाण! बांबू सोडून विहिरीच्या बाजूला नेऊन बांधलं. का, तर "तिथे सावली आहे." नऊ वर्षं मी जुन्या जागेवरून प्रत्येक वळण पाठ केलंय. तो फायदा काढून घ्यायचा हा सरळ डाव आहे आणि त्यामागे रविराजच असणार, कारण बांबू बांधायला केरूबरोबर तोच चढला होता. जमीन त्याची असली म्हणून काय झालं? ट्रॅकची माती आम्ही सगळ्यांनी घमेल्याने वाहिलीय.

त्याहून मोठा अपमान पुढे. आमच्याकडे नियम आहे, आपली रेस संपली की पुढच्या रेसला वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. मार्शल म्हणतात त्याला. राजा असो नाहीतर रंक, उभं राहायचं. आज म्हणतात, "सोमनाथराव, तुम्ही सीनियर, तुम्ही बसा खुर्चीत." बावन्नाव्या वर्षी सीनियर! मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. कुठल्याशा पोराने गाडी सरळ माझ्या नडगीवर घातली. रक्त आलं. "काका, तुमच्या समोरूनच येत होती," असं वर मलाच ऐकवतो. समोरून येत होती म्हणे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सृष्टी आता माझ्या मागे स्कूटरवर बसत नाही. "मैत्रिणीबरोबर जाते," म्हणते. ज्योत्स्नाला संध्याकाळी कुठे जायचं असलं की रिक्षा बोलावते. का? तर त्र्यंबक रोडला एकदा, फक्त एकदा, दुभाजक घासला. समोरच्या गाड्या हेडलाइट डोळ्यांत मारतात, दिव्याभोवती नुसती जाळी पसरते, त्यात दुभाजकाला रंग नाही. महापालिकेला सांगा ना जाऊन! तर नाही. सगळे मिळून मला सांभाळायला निघालेत. मला सांभाळू नका. शब्दाप्रमाणे कोणी डोळ्यांचं नाव काढत नाही, पण घरात काहीतरी शिजतंय हे कळायला मला डॉक्टर लागत नाही.

रविवार, ९ मार्च

विहिरीच्या वळणावरचा पाइप कोणीतरी पांढराशुभ्र रंगवलाय. केरू म्हणतो, "मालकांनी सांगितलं." मालक म्हणजे रविराज. माझं वळण आता सगळ्यांना सोपं करून टाकलं! त्याच्याशी मी दीड महिना बोललेलो नाही, नाहीतर तिथेच विचारलं असतं. तो लांबून माझ्या गाडीकडे बघत होता. मी पाठ फिरवली.

सराव चांगला झाला. एका आठवड्याचा प्रश्न आहे.

रविवार, १६ मार्च

लिहायचं नव्हतं. पण झोप येणार नाही.

फायनलला आम्ही दहाजण. मचाणावर माझ्या डाव्या हाताला सृष्टी. माइकवर रविराज. ऊन असं की समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं. सुरुवात झक्क झाली. दुसऱ्या लॅपला पहिल्या उडीच्या उंचवट्यावर चार-पाच गाड्या एकमेकींत घुसल्या, धुरळा उडाला, मी म्हटलं गेली. पण नाही! धुरळ्यातून माझी गाडी सरळ बाहेर पडली, भडक, एकटी, पुढे.

आणि मग जी लॅप लागली! काय सांगू. मी नेहमीसारखा पुटपुटत होतो, सोड, दाब, आणि गाडी हाताच्या आधीच वळत होती. खोटं नाही, हात पोचायच्या आधी. मला वाटलं आज गाडी आणि मी वेगळे राहिलोच नाही. जुनी लाइन, माझी लाइन, आतल्या बाजूने, एक वीतभर इकडे-तिकडे नाही. विहिरीचं वळण आलं. तिथे मी कायम ब्रेक मारतो. गाडीने मारला नाही. त्या पांढऱ्या पाइपाला घासून, एका बाजूची चाकं उचलून, सुळकन निघून गेली. नऊ वर्षांत मला ते कधी जमलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, ज्योत्स्नाला बोलावलं असतं तर आज ते तिने बघितलं असतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. माइक टेबलावर ठेवून रविराज वर आला होता. अगदी हळू म्हणाला, "सोमा, रिमोट खाली ठेव."

"वेडा झालास का? पहिला आहे मी!"

"ती सृष्टीची गाडी आहे रे. तुझी तिकडे आहे."

पहिल्या उडीच्या कडेला केरू उभा होता. दोन्ही हातांत माझी गाडी उचलून धरलेली, मागचा आर्म तुटून लोंबतोय. तो ती मला दिसावी म्हणून डोक्याच्या वर धरून उभा होता, किती वेळ कोण जाणे. मी रिमोटवरचं चाक डावीकडे फिरवलं, तर केरूच्या हातात गाडीची चाकं डावीकडे वळली. उजवीकडे फिरवलं, उजवीकडे वळली.

सगळ्यांनी बघितलं. म्हणजे अख्खी लॅप मी हवेत गाडी चालवत होतो आणि सगळे बघत होते.

रिमोट खाली ठेवला. खाली उतरलो. सृष्टी जिंकली. टाळ्या वाजल्या नाहीत, किंवा मी ऐकल्या नाहीत. तिने चषक हातात घेतला आणि रडायला लागली. जिंकलेलं माणूस रडतं का असं? तिच्यावरही राग आला. सगळ्यांवर आला. सावलीसाठी मचाण! चीर गेली म्हणून केशरी! सगळ्यांना माहीत होतं. महिनाभर सगळे माझ्याशी खोटं वागले आणि त्यांना तसं वागायला मीच लावलं, याचा राग सगळ्यात जास्त आहे.

सोमवार, १७ मार्च

ज्योत्स्नाला म्हटलं, "घे अपॉइंटमेंट." तिने विचारलंही नाही कसली.

सोमवार, २४ मार्च

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखरेमुळे लवकर आला म्हणे. उजवा आज झाला. डॉक्टरीणबाईंना मी आधीच बजावलं, आमच्या अण्णांचं असं असं झालं होतं, मला फसवायचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खुर्चीत, नव्हे, टेबलावर पडलो. घाबरलो होतो. लिहून टाकतो, घाबरलो होतो.

बाहेर ज्योत्स्ना, सृष्टी आणि रविराज. त्याला कोणी बोलावलं होतं माहीत नाही. पट्टी बांधून बाहेर आलो, तो शेजारी येऊन बसला. शेवटी मीच म्हणालो, "बाटल्या तू बदलल्या नव्हत्यास."

"नाही."

"मग तेव्हाच भांडायचंस ना माझ्याशी!"

"तुझ्याशी भांडायला माणसाला सवड पाहिजे," तो म्हणाला. "आणि मचाण बांधायचं होतं."

माझं एका डोळ्याचं रडणं पट्टीत जिरलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, डोळा ओला करायचा नाही.

मंगळवार, २५ मार्च

पट्टी काढली. घरी आल्यावर पहिली गाडी बघितली. अरे देवा! केशरी आहे, पण इतकी केशरी? आणि सृष्टीची शेजारी ठेवलेली, ती तर चक्क गुलाबी. लग्नातल्या फेट्यासारखी गुलाबी. या दोन गाड्या मला सारख्या दिसल्या होत्या. दोन्ही उचलून खिडकीतल्या उजेडात धरल्या. मग डब्याचं कुलूप काढून भंगारात टाकलं.

शनिवार, २६ एप्रिल

डावाही डोळा होऊन आठवडा झाला. महिनाभर धुळीत जायचं नाही, तरी उद्या गॉगल लावून जाणार आहे, ज्योत्स्नाने काय वाटेल ते म्हणावं. ती म्हणालीच. पण चावी तिनेच हातात दिली.

आज चहा घेताना सृष्टीला विचारून टाकलं. महिनाभर घशात अडकलं होतं. "त्या लॅपला तू माझी लाइन कशी घेतलीस? इंचाइंचाने माझी होती."

ती कपात बघत म्हणाली, "तुम्ही बोलत होतात ना पप्पा. सोड, दाब. मी शेजारीच होते. तुम्ही म्हणाल तसं करत गेले."

"म्हणजे तुला माहीत होतं मी कुठली गाडी बघतोय?"

"नाही हो! मला वाटलं, तुमची गाडी बंद पडलीय आणि तुम्ही मला सांगताय. मला इतकं छान वाटत होतं." तिने कप खाली ठेवला. "नंतर कळलं."

म्हणजे हात पोचायच्या आधी गाडी वळायची, ती माझ्या तोंडामुळे. बरं वाटलं. खूप बरं वाटलं. कोणी काही म्हणो, ती लॅप निम्मी माझी होती, असं म्हणत मी दुपारभर घरात फिरत होतो. ज्योत्स्नालाही दोनदा ऐकवलं.

मग संध्याकाळी एकदम आठवलं. विहिरीच्या वळणावर मी "सोड" म्हणालो होतो. म्हणजे वेग सोड, ब्रेक मार. नेहमी म्हणतो, तसंच. आणि गाडीने वेग सोडला नाही.

रविवार, २७ एप्रिल

रविराजला सांगितलं, आज मी मार्शल आणि विहिरीच्या वळणावर मीच उभा राहणार. "खुर्ची आणू का, सीनियर?" म्हणाला. त्याला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

पांढऱ्या पाइपाच्या शेजारी उभा राहिलो. माती काळी होती. केरूने पाणी मारलेलं, प्रत्येक ढेकूळ वेगळं दिसत होतं. लांबून सगळ्या गाड्या येत होत्या आणि मला प्रत्येकीचा रंग सांगता येत होता. निळी आली, ब्रेक. हिरवी आली, ब्रेक. दोघी उलटल्या, सरळ करून दिल्या. मग गुलाबी दिसली. मी मचाणाकडे बघितलं, सृष्टी जीभ बाहेर काढून चालवत होती, लहानपणी चित्र रंगवायची तशी. मी सवयीने मोठ्याने म्हणालो, "सोड!" एवढ्या लांबून तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

ऐकू गेलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. माझ्या नडगीपासून वीतभर अंतरावरून, एका बाजूची चाकं हवेत, अंगावर चिखल उडवत गेली. ब्रेक मारला नाही. कार्टीने ब्रेक मारलाच नाही.